फडकं

वडिलांच्या मारुती 800 च्या डिकीत एक जुनं बनियन असायचं. धुऊन धुऊन मऊ पडलेलं, मूळचं पांढरं. दर रविवारी ते त्यावर पॉलिश घेऊन गाडी पुसायचे आणि तासाभरात बनियन लाल व्हायचं. गाडीही लालच. 1997 साली ती घेतली तेव्हा आमचं तळोदा धुळे जिल्ह्यात होतं, म्हणून नंबर एमएच 18 चा. पुढच्याच वर्षी 1 जुलैला नंदुरबार जिल्हा झाला, पुढे नव्या गाड्यांवर एमएच 39 दिसू लागलं, आमची गाडी मात्र जुन्या जिल्ह्याचीच राहिली. बनियन लाल झालं की वडील समाधानाने ते झटकायचे. मळ निघाला, असं आम्हा दोघांनाही वाटायचं.

तो मळ नव्हता, रंग होता. हे मला वीस वर्षांनी आप्पांनी सांगितलं.

2017 मध्ये गाडी पासिंगला न्यायची होती. वडील आदल्या वर्षी गेले होते. टप आणि बॉनेट खडूसारखं पांढुरकं झालं होतं. आरसी बुकावरचा रंग बदलायचा नाही, हा नियम होताच, पण मलाही तोच लाल हवा होता. नंदुरबारला आप्पांचं डेंटिंग-पेंटिंगचं पत्र्याचं शेड होतं. त्यांनी बॉनेटवर ओलं फडकं फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. "गुरजी, हा रंग उघडा शे. वर क्लिअर नाही. ऊन सरळ रंगालेच खातं, आणि तुम्ही पुसता तेव्हा तुम्ही बी खाता."

काम आठवडाभर चाललं. घिसाई, लांबी, पुन्हा घिसाई, प्रायमर. शाळा सुटली की मी जाऊन बसायचो. हिवाळ्याचे दिवस. शहराबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या, जमीन दिसू नये इतक्या, आणि दुपारचं वारं सुटलं की शेडपर्यंत ठसका यायचा. म्हणून आप्पा रंग मारायचे ते पहाटे, वारं उठायच्या आत. आधी जमिनीवर पाणी शिंपायचे, धूळ बसावी म्हणून. आधी लाल रंग. तो सुकला की मातीच्या मडक्यासारखा निस्तेज दिसतो. मग क्लिअर. दोन भाग क्लिअर, एक भाग हार्डनर, थोडं थिनर. एकदा कालवलं की थांबायची सोय नाही, भांड्यातच कडक होतं. नाकावर ओला रुमाल बांधून आप्पा गाडीभोवती फिरले आणि त्या मडक्यात एकदम पाणी भरल्यासारखं झालं. शेडच्या पत्र्याच्या पन्हळी मला दारात दिसल्या.

गाडी देताना ते म्हणाले, "आते तीन महिने हिले काहीच लावू नका. वॅक्स नाही, पॉलिश नाही. नुसतं पाणी."

मी मान डोलावली. आणि बाराव्या दिवशी, भाचीच्या लग्नाला गाडी अजून चमकावी म्हणून, दुसऱ्या गावी एका ठिकाणी मशीनने बफिंग करून वर वॅक्स लावून घेतलं. रात्री दिव्याखाली गाडी आरशासारखी दिसली. सकाळी उन्हात आली तर दारांवर गोल गोल वळसे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. बॉनेटच्या कडेला बोटभर जागा मंद पडलेली. मी फडक्याने ती चोळली. फडकं लाल झालं.

आप्पांकडे जायला मला चार दिवस लागले. रागावतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसतील, असं वाटत होतं. त्यांनी त्या कडेवर नख फिरवलं, बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "चूक तुमची नाही गुरजी. मी नुसतं नको म्हटलं. का नको, ते सांगितलंच नाही."

माझी तेव्हा मास्तरकीची एकोणीस वर्षं झाली होती. मुलांनी चूक केली की मी एकदाही असं म्हणालो नव्हतो.

मग त्यांनी खाली बसून सांगितलं. क्लिअर वरून सुकलं तरी आत थिनर उरलेलं असतं, ते हळूहळू बाहेर पडतं. भट्टी असेल तर साठ अंशांवर शेकून हे लवकर होतं. आपल्याकडे भट्टी नाही, म्हणून दिवस द्यायचे. त्याआधी वॅक्सने तोंड बंद केलं तर ते आत कोंडतं. आणि रंग कोवळा असताना मशीन जोरात फिरवली तर गरम होऊन मऊ पडतो, वळसे उठतात. कडांवर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे पहिला जातो. जाडी किती? माणसाच्या केसाहून कमी. "फडकं लाल झालं म्हणजे क्लिअर संपलं. पांढरं राहिलं तोवर काळजी नाही."

बॉनेटवर पुन्हा क्लिअर मारावं लागलं, पूर्ण, कारण अर्ध्यावर जोड दिला की तो दिसतोच. आधी वॅक्सचा कण न कण काढायचा. तो राहिला तर नव्या थरात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. आप्पांनी फडकी बदलत बदलत सकाळभर तेच केलं. दारांना मात्र हात लावला नाही. तीन महिने झाल्यावर बोलावलं, दोन हजार नंबरचा पाणीपेपर साबणाच्या पाण्यात भिजवला आणि वळसे हाताने काढले, मग कंपाऊंड, मग पॉलिश. सामानाचे पैसे घेतले. मजुरीचं पाकीट मी पुढे केलं, ते त्यांनी माझ्याच खिशात परत घातलं.

त्यानंतर गाडी कशी सांभाळायची ते मी त्यांच्याकडूनच शिकलो. धुवायची सावलीत, पत्रा गार असताना, आणि फडकं पिळायची बादली वेगळी ठेवून. कोरडी कधीच पुसायची नाही, कारण गळीत हंगामात चिमणीची राख बसलेली असते, ती घासली की काचकागदच. आंब्याखाली लावायची नाही, मोहोरावर तुडतुडे आले की त्यांचा चिकटा टपावर गळतो. पक्ष्याची विष्ठा पडली तर संध्याकाळची वाट पाहायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्यावर हात ठेवता येत नाही, त्या तापलेल्या क्लिअरमध्ये ती दुपारभरात डाग कोरते. ओलं फडकं वर ठेवायचं, भिजू द्यायचं, उचलून घ्यायचं.

आप्पांना पुढे धाप लागू लागली. डॉक्टरांनी फवारा सोडायला सांगितलं. हार्डनरच्या वाफेत आयसोसायनेट असतं, ते छातीला लागतं, आणि ओल्या रुमालाने अडत नाही, हे मी नंतर वाचलं. ती पहाट मला आठवते. मी दारातल्या पन्हळी बघत होतो, आप्पांच्या नाकावरचा रुमाल बघत नव्हतो. बॉनेट दुसऱ्यांदा मारताना त्यांनी तीच वाफ पुन्हा घेतली, माझ्या उतावळेपणापायी. ही मजुरी कुठल्याच पाकिटात मावली नसती.

आता दर दिवाळीनंतर मी गाडी त्यांच्या घरी नेतो. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून ते हातात दुधाची रिकामी पिशवी घालतात. प्लास्टिकमधून बोटांना बारीक खर लगेच कळते. गेल्या वेळी टपावरून हात फिरवत आले आणि एका जागी थांबले.

"इथं काय पडलं होतं?"

"साळुंकी. मी शाळेत होतो."

"दुपारची?"

"हो."

त्यांनी हात पुढे केला. मी डिकी उघडून फडकं दिलं. त्यावर थोडं पॉलिश घेऊन ते बोटाच्या पेराएवढ्या जागेवर चोळत राहिले, मध्ये दोनदा श्वासासाठी थांबून. मग फडकं उलटं करून त्यांनी ते माझ्या डोळ्यांपुढे धरलं.

"बघा बरं."

"पांढरं आहे, आप्पा."