मुक्तद्वाराचा उंबरठा

आमच्या तीर्थरूपांच्या प्रवचनांच्या अकरा वह्या माडीवरील पेटींत आहेत. त्यांची शाई फिकट होत चालली आहे, आणि आमच्या डोळ्यांचीहि तीच गत आहे. दोहोंपैकीं आधीं काय मावळेल, या विवंचनेंत आम्ही होतों. अशा वेळीं अभियांत्रिकी शिकणारा आमचा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही मला आजोबांचें अक्षर लावून द्या, यंत्राला मी शिकवितों. मग उरलेल्या वह्या तें वाचील."

शिकविणें हा आमचा जन्माचा व्यवसाय. विद्यार्थी यंत्र असला म्हणून काय झालें? तीन महिने बसून आम्हीं एकेका शब्दाच्या छायाचित्राखालीं तो शब्द स्वच्छ लिहून दिला. शिकवणीसाठीं भाच्यानें टेन्सरफ्लो नांवाचें सॉफ्टवेअर निवडलें. गूगल कंपनीनें तें नोव्हेंबर २०१५ मध्यें मुक्तस्रोत केलें; म्हणजे त्याचा मूळ मजकूर कोणीहि पाहावा, वापरावा, सुधारावा, आणि त्यासाठीं दिडकीहि मोजूं नये. विद्यादानाची ही रीत आम्हांस फार आवडली.

परंतु अभ्यास पुढें सरकेना. भाच्याच्या संगणकांत अशा गणितासाठींच घेतलेलें ग्राफिक्स कार्ड होतें. तरीहि एका उजळणीस सारी रात्र लागे. पडद्यावर तक्रारीचें अक्षर नाहीं. मात्र 'उपलब्ध कार्डें दाखव' म्हणतांच रिकामी यादी पुढें येई. भाच्यानें कार्ड काढून पुन्हा बसविलें, सर्व पुसून नव्यानें मांडलें. असे दोन आठवडे गेले. "फुकटचें तें असेंच असावयाचें," असें आम्ही रागानें बोलूनहि गेलों.

अखेर एके संध्याकाळीं आम्हीं विचारलें, "अरे, याची प्रस्तावना वाचलीस काय?" तो खालीं पाहूं लागला. सूचना उघडल्या, तों तेथें स्पष्ट लिहिलेलें! विंडोजवर थेट ग्राफिक्स कार्ड वापरूं देणारी शेवटची आवृत्ति २.१०, ती सप्टेंबर २०२२ मध्यें निघाली. पुढील आवृत्त्या विंडोजवर थेट चालविल्यास सारें काम मुख्य प्रोसेसरवरच होतें. कार्ड हवें असेल तर विंडोजच्या पोटांत लिनक्स चालविणारी 'डब्ल्यूएसएल २' ही सोय घ्यावी. जुनी २.१० घ्यावी म्हटलें, तर तिला पायथॉन भाषेची ३.७ ते ३.१० हीच आवृत्ति चालते; भाच्याजवळ होती ३.११.

असें कां व्हावें? विंडोज काय किंवा लिनक्स काय, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या घरचा कारभारी. सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर एक असला, तरी यंत्रास कळेल असें त्याचें रूपांतर प्रत्येक कारभाऱ्यासाठीं निराळें करावें लागतें. फाइलीचा पत्ता लिहितांना एक जण तिरकी रेघ डावीकडे झुकवितो, तर दुसरा उजवीकडे. शिवाय कार्डाचें स्वतःचें सॉफ्टवेअरहि ठराविक आवृत्तीचेंच लागतें. इतक्या जोड्या जुळवून तपासणें हें कोणाचें तरी कष्टाचें काम असतें. आणि या क्षेत्रांतील पुष्कळ संशोधन लिनक्सवरच चालत असल्यामुळें ती बाजू आधीं तपासली जाते.

आमच्या वेदान्तग्रंथांच्या आरंभीं विषय, प्रयोजन आणि संबंध यांबरोबर 'अधिकारी' कोण, हेंहि सांगण्याचा प्रघात आहे. ग्रंथ सर्वांस खुला, पण वाचणाऱ्याची तयारी कोणती हवी, हें दारांतच सांगितलेलें बरें. या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनीं तेंच केलें होतें. अडतीस वर्षें 'प्रश्नपत्रिकेवरील सूचना आधीं वाचा' म्हणून मुलांच्या कानीं कपाळीं ओरडलेले आम्ही, स्वतःवर वेळ येतांच ती वाट विसरलों आणि दात्यालाच बोल लावला!

लिनक्सची सोय केल्यावर रात्रीचें काम वीस मिनिटांत होऊं लागलें. यंत्र अजून दहांपैकीं दोन-तीन शब्द चुकतें. पण तेवढें चुकणारे विद्यार्थी आम्हीं आजवर पुष्कळ पुढें नेले आहेत.

भाच्यास एक गृहपाठ मात्र दिला. कोणता कारभारी, कोणती पायथॉन, कोणतें कार्ड आणि कोणती आवृत्ति यांवर हें साधलें, तें सुवाच्य अक्षरांत लिहून ठेव. पुढच्याचे दोन आठवडे वांचतील. ती बारावी वही आतां त्याच पेटींत आहे.