दयाळू मांत्रिक

हातीं आलेली सत्ता आपल्याच गुणांनीं आली, असें मनुष्यास फार लवकर वाटूं लागतें. या समजुतीची मार्मिक परीक्षा जोनाथन स्ट्राउड या इंग्रज लेखकाच्या बार्टिमियस-कथेंत आम्हांस आढळली. २००३ ते २००५ या काळांत तिचे तीन भाग निघाले. कथा मुलांसाठीं आहे खरी. पण थोरांनींही ती वाचावी.

यांतील लंडनवर मांत्रिकांचें राज्य आहे. मांत्रिक श्रेष्ठ व बाकीची प्रजा हीन, हें तेथें लहानपणापासून शिकविलें जातें. मौज ही कीं, मांत्रिकांस स्वतःचीं मुलें नसतात; परक्यांचीं लहान मुलें घेऊन त्यांस ते शिष्य करतात. म्हणजे जन्माचा अभिमान व्यर्थच! शक्तीही त्यांची स्वतःची नव्हे. ती मंत्रानें बांधून आणलेल्या जिनांची. आज्ञा मोडल्यास त्यांस भयंकर यातना.

किटी जोन्स ही सामान्य घरची मुलगी. तिचा मित्र एका मांत्रिकाच्या क्रोधानें कायमचा विद्रूप होतो आणि न्यायालयांत मांत्रिकाचाच शब्द खरा ठरतो. ती बंड करते. परंतु जिन म्हणजे दुष्ट पिशाच्चें, हा राज्यकर्त्यांचाच ग्रह तिच्याही मनांत असतो. तेही वेठीस धरलेले गुलाम आहेत, हें बार्टिमियस या जिनाच्या बोलण्यावरून तिला प्रथम उमगतें. पीडितासही दुसऱ्याची पीडा आपोआप दिसत नाहीं!

कथानायक नॅथॅनिएल मंत्रिपदास चढतो व राज्यहिताच्या नांवाखालीं असत्याचा प्रसार करतो. त्याच्या मनांतली शंका मात्र मरत नाहीं. अखेरीस स्वतःच्या प्राणांवर बेतलें असतां तो बार्टिमियसला मुक्त करतो.

आमच्या घरीं यावरून मुलांत वाद झाला. थोरला म्हणाला, “मांत्रिक दयाळू असला म्हणजे झालें.” धाकटीनें विचारलें, “दयाळू होता, तर त्यानें जिनाला आधींच कां नाहीं सोडलें?”

प्रश्न साधा, पण आम्हां वडील माणसांसही विचारांत पाडणारा. द्वेष सोडणें त्या मानानें सोपें. द्वेषामुळें मिळत आलेला लाभ सोडणें कठीण. ज्यांच्या श्रमांवर आपला संसार चालतो त्यांच्याशीं गोड बोलणें निराळें आणि त्यांस “नाहीं” म्हणण्याची मोकळीक असणें निराळें. हा भेद मुलांस ज्या घरांत समजतो, तेथें त्यांचें वाचन सार्थकीं लागलें, असें आम्ही समजतों.