सध्या काय वाचतोयस?

भारतातल्या मित्रांची मेल आली की शेवटी हा प्रश्न हमखास असतो. तिथे वाटलं की उठून दुकानात जाता येतं. इथे मराठी पुस्तक विमानानं येतं, आणि बॅगेला 23 किलोची मर्यादा! भाजणी, गोडा मसाला, पापड यांतून उरलेल्या जागेत मावेल ते आपलं साहित्य. आमच्या रिचमंड हिलचं वाचनालय उत्तम आहे. चिनी आणि फारसी पुस्तकांची कपाटं भरलेली, कारण गावात ती माणसं खूप. मराठीचं कपाट मला आजवर सापडलेलं नाही. त्यामुळे यादी मिश्र आहे.

नुकतंच संपलेलं

रोहिंटन मिस्त्रींची 'अ फाइन बॅलन्स'. 1995 ची कादंबरी, त्याच वर्षी तिला कॅनडाचा गिलर पुरस्कार मिळाला. मिस्त्री मुंबईचे पारशी. 1975 मध्ये टोरांटोला आले आणि बँकेत नोकरी करता करता लिहू लागले. त्याच वर्षी तिकडे आणीबाणी लागली आणि कादंबरी त्याच काळावर आहे. स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी शिवणकामाच्या ऑर्डरी घेणारी विधवा दीना, गावाकडून आलेले दोन शिंपी आणि एक कॉलेजचा पोरगा, असे चौघे एका घरात. शहराचं नाव कुठेच नाही, पण मुंबई पाहिलेल्याला ते सांगावं लागत नाही. शेवट सांगत नाही. झोपण्यापूर्वी वाचू नका, एवढंच सांगतो.

सध्या चालू

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', एकाच वेळी दोन भाषांत. माझी लेक मराठी छान बोलते, पण वाचताना अक्षरं जुळवत बसते. तिच्या हातात शांता गोखल्यांचा 2017 चा इंग्रजी अनुवाद, माझ्या हातात मूळ पुस्तक आणि नाशकात आईच्या हातात तिची जुनी प्रत. शनिवारी फोनवर तिघांची चर्चा.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं म्हणजे बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. लेक हसून म्हणाली, "बाबा, 2020 मध्ये आपणही दुधाच्या पिशव्या धुवायचो!" (हो, ओंटारिओत दूध अजून पिशवीतच मिळतं.) मग तिनं सहज विचारलं, "आजी, तुमच्याकडे होतं का गं सोवळं?"

आई जरा थांबली. म्हणाली, "माझ्या सासूबाईंचं होतं. झाडायला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा, गोठ्यातल्या कोनाड्यात. त्या गेल्यावर मी तो आत आणला. पण बाईच म्हणाल्या, नको वहिनी, राहू दे तिथंच."

पुढे कोणीच काही बोललं नाही. मी त्या घरात वाढलो. तो कोनाडा मला आठवतो, कप आठवत नाही. इतक्या वर्षांत आईनं हे मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारावंसं वाटेल असं काही मला दिसलंच नव्हतं. लेकीला दिसलं ते तिथलं काहीच माहीत नसल्यामुळे. लेकीला मराठी वाचता येत नाही याची हळहळ मला आहेच. पण आजी-नातीमधलं हे बोलणं इंग्रजी अनुवादानं घडवलं, हेही खरं. लक्ष्मीबाई स्वतःचं सोवळं कसं गळून पडलं ते लिहितात, तिथवर आम्ही अजून पोचायचे आहोत. मला आता त्या पानांची थोडी धास्तीच वाटते.

रांगेत

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', 1956 चं. बारा मराठी महिन्यांवरचे ललितलेख. इथे चैत्रात पार्किंगच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग वितळत असतात, तेव्हा ते इथे कसं लागेल कोण जाणे! निवड मात्र मिस्त्रींमुळे झाली. आणीबाणीबद्दल वाचताना 1975 चं कऱ्हाडचं साहित्य संमेलन आठवलं. अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाईंनी विरोध केला आणि पुढे तुरुंगातही गेल्या. झाडाफुलांवर इतकं प्रेमानं लिहिणारी आणि सरकारला न घाबरणारी बाई एकच, हे मला पुन्हा एकदा वाचून बघायचंय.

असो. तुमच्याकडे काय चालू आहे? आई जूनमध्ये इकडे येतेय, आणि तिच्या बॅगेत दोन किलो जागा मी आताच राखून ठेवली आहे.