वर्डस्वर्थ राहिला, केशवसुत भेटले

हिरव्या डोंगरांतून जाणारी ब्रिटनची आगगाडी, मग तळ्याकाठचं वर्डस्वर्थचं घर! बीएला इंग्रजी घेतलेल्या कुणालाही हे स्वप्न पडतंच. मीही जयपूरच्या शास्त्री नगरातल्या आमच्या गच्चीवर बसून विमानभाडं, व्हिसा, हॉटेल असा हिशेब मांडला आणि वही मिटली. आजी म्हणाली, "अगं, कवीचं घरच बघायचंय ना? मग मालगुंडला चल." मालगुंड कुठे आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली, खरंच.

तुमचंही असंच असेल, तर ही सहल करून बघा. जयपूरहून कोकण रेल्वेमार्गे केरळला जाणारी मरुसागर एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच असते. त्यामुळे ६० दिवस आधी आरक्षण उघडताच तिकीट काढा, वार आणि थांबे तेव्हाच बघून घ्या. तरुणांना स्लीपर पुरे; आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र थर्ड एसी आणि खालचा बर्थ, तिथे काटकसर नको.

रोह्यानंतर मोबाइल ठेवून द्या. ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत, नेटवर्क तसंही जातंच. खिडकीतून समुद्र फारसा दिसत नाही. दिसतात खाड्या, माड आणि लाल माती. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. अंधार होताच डब्यातली पोरं ओरडली. आजीही.

रत्नागिरीहून एसटीने गणपतीपुळे, तिथून मालगुंड अगदी जवळ. घरगुती निवासात उतरा, जेवणही तिथेच सांगून ठेवा. केशवसुत इथे १८६६ मध्ये जन्मले. इंग्रजी सॉनेट मराठीत आणलं ते त्यांनीच, आणि मी परीक्षेला फक्त इंग्रजी सॉनेट घोकलेलं! त्यांचं घर जपून ठेवलंय. स्मारकाच्या आवारात त्यांच्या कविता दगडांवर कोरल्या आहेत. आजी चष्मा न लावताच म्हणत गेली. एका ओळीवर अडली, तेव्हा पुढची ओळ मी वाचून दाखवली. अडखळतच.

सवड असेल तर पुढे सावंतवाडी रोडला उतरून शिरोड्याला जा. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ तिथल्या शाळेत शिकवत होते. वाटेत ६४ मीटर उंचीचा पानवल पूलही लागतो. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक बदलतं, तेवढं लक्षात असू द्या. आमचं शिरोडं मात्र राहिलं. आजीला मालगुंडहून हलायचंच नव्हतं.