माळ्यावरचे दफ्तर

कोकणातील ज्या घराण्यांत पिढ्यानपिढ्या खोती, कुळकर्ण किंवा सावकारी चालत आली, त्यांच्या घरांचे माळे म्हणजे एक प्रकारचे खासगी दफ्तरखानेच होत. भाताचे मुडे, कांद्यांच्या माळा आणि आमसुलांच्या बरण्या यांच्या सान्निध्यात, आढ्याखालच्या अंधारात, मोडी रोजकीर्दी, कबुलायती, खतपत्रे आणि एखादी सनद निवांत पडून असते. अशी दफ्तरे खाली उतरवून, झाडून, लावून, मांजरपाटाच्या रुमालांत बांधून पुन्हा माळ्यावर चढवण्याचे काम मी दीर्घकाळ करीत आलो आहे. आणि त्या अनुभवाने माझी अशी खात्री झाली आहे की, गळक्या कौलाने जेवढे कागद नासले नसतील तेवढे अवेळी लावलेल्या झाकणाने नासले आहेत.

गळतीचा बंदोबस्त करणे लोकांना ठाऊक असते. वैशाखात घर शाकारले जाते, फुटकी कौले बदलली जातात, पश्चिमेच्या भिंतीला झाप लावले जातात. कारण चिरा पाणी पितो आणि नैर्ऋत्येचा पाऊस त्या भिंतीवर तिरपा येतो, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु ज्या घरात माळ्यावर थेंबभरही पाणी पडले नाही, तेथील पत्र्याची ट्रंक उघडल्यावर वरच्या बंदावर काळ्या ठिपक्यांची बुरशी दिसली, की यजमान चकित होतो आणि दोष कौलांना देतो.

खरा प्रकार निराळा असतो. कागद हवेतील बाष्प शोषून घेतो, आणि श्रावणात तर तो तुडुंब प्यालेला असतो. अशा वेळी कोणी पाहुण्याला दाखवण्यासाठी दफ्तर काढले आणि काळजीने, घट्ट कडी लावून, पुन्हा ठेवले, तर त्या ट्रंकेत पावसाळाच कोंडला गेला असे समजावे. पुढे आश्विनात कौले तापू लागली की दिवसा ती ओल कागदातून निघून आतल्या हवेत येते. तीस अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, वीस अंशांवर जेमतेम १७. म्हणून मार्गशीर्षातल्या थंड रात्री पत्रा निवला म्हणजे ते बाष्प झाकणाच्या आतल्या अंगाला दवासारखे जमते आणि नेमके वरच्या कागदावर ठिबकते. आकाश निरभ्र असते, अंगणात वाळवण पडलेले असते आणि दफ्तर मात्र भिजत असते! हे मी प्रथम डोळ्यांनी पाहिले, तेव्हापासून पत्र्याच्या ट्रंकेवरील माझा विश्वास उडाला. लाकडी पेटारा वाळवीच्या दृष्टीने धोक्याचा खरा, पण त्याच्या फळ्या थोडी ओल स्वतः घेतात आणि पत्र्याइतक्या झपाट्याने थंड होत नाहीत. म्हणून वाळवीवर लक्ष ठेवण्याची ज्याची तयारी आहे त्याला मी पेटाराच सुचवतो.

बांधाबांध माघापासून चैत्रापर्यंत, कोरड्या दिवशी, दुपारच्या आत उरकावी. त्याआधी कागद सावलीत, वाहत्या वाऱ्यात पसरावेत. उन्हात घालू नयेत, कारण उन्हाने ते पिवळे पडतात, वाकतात आणि कडक होतात. पेटारा भिंतीपासून चार बोटे दूर आणि फळ्यांवर उचललेला असावा. प्लास्टिकच्या कागदात दफ्तर गुंडाळण्याची जी नवी हौस आली आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. आत राहिलेल्या ओलीला बाहेर पडण्याची वाटच त्यामुळे उरत नाही. डांबराच्या गोळ्या आणि वेखंड किडीसाठी आहेत, ओलीशी त्यांचा संबंध नाही. कळीचा चुना ओल ओढतो खरा, परंतु ओल ओढता ओढता तो फुगतो, म्हणून अर्धेच भरलेले मडके, वर फडके बांधून, कागदाचा स्पर्श होणार नाही असे ठेवावे. आणि झाकण सैल असेल तर तो खटाटोप करूच नये, कारण मग तो चुना साऱ्या माळ्याची हवा सुकवू पाहील.

इतके करूनही एखादे दफ्तर विटेसारखे घट्ट होऊन हाती येते. मोडीची शाई बहुधा काजळीची. ती उडत नाही, पण तिच्यातला डिंक ओलीने सुटतो आणि पान पानाला धरते. अशा वेळी मालक अधीर होऊन कोपरा ओढू लागतो, त्याचा हात धरावा. दफ्तर कोरड्या महिन्यांत सावलीत, कडा मोकळ्या ठेवून पडू द्यावे, मग बांबूची पातळ कामटी कडेने घालून, जेथे ती आपणहून शिरेल तेवढेच पान उचलावे. आणि जी पाने सुटत नाहीत ती तशीच वेगळ्या रुमालात बांधून, वर चिठ्ठी लावून, तिच्यावर 'चिकटलेली, उघडू नयेत' असा शेरा आणि तिथी लिहून ठेवावी.