बोंडूचा कोपरा

गिनीपिगला मांजरासारखी शी-शूची शिस्त लागत नाही, असं सांगतात. ते निम्मं खरं आहे. शूसाठी गिनीपिग ठरावीक कोपरा धरतो. लेंड्या मात्र चालता-फिरता, खाता-बसता, कुठेही पडतात. आमच्या रत्नागिरीतल्या परटवण्याच्या घरात हे दोन्ही कळलं ते बोंडूमुळे.

बोंडू पांढरी, पाठीवर काजूच्या पिकल्या बोंडासारखा तांबूस-पिवळा पट्टा. तिची बहीण चिंगी काळीभोर. दोघींना एकदमच आणलं, कारण हा कळपातला जीव, एकटा ठेवला की झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये 2008 च्या नियमांनुसार एकटा गिनीपिग पाळताच येत नाही, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते.

पडवीत फळ्यांचं कुंपण करून त्यांना मोकळी जागा दिली. वखारीतला लाकडाचा भुसा स्वस्तात मिळत होता, पण तो इतका बारीक की दोघी शिंकायला लागल्या. मग खाली वर्तमानपत्रं आणि त्यावर जुन्या गोधडीचे तुकडे आले. शी-शूचा डबा कुठे ठेवायचा, यावर मात्र आजीचा शब्द शेवटचा होता. तिने कुणालाच डबा ठेवू दिला नाही. दुपारी बांकावर तांदूळ निवडत बसायची आणि बोंडूकडे बघायची. बोंडू खांबाशेजारच्या कोपऱ्यात उलटी चालत जायची, मागचा भाग किंचित उचलायची, क्षणभर अगदी स्थिर व्हायची आणि मग घाईघाईने पुढे पळायची. दर वेळी तोच कोपरा. आजी म्हणाली, "अगो, तिनं कोपरा शोधलान. आता तुझा डबा तिथं ने."

तेलाचा पंधरा लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन आडवा कापला. पुढची कड बोटभर उंचीची ठेवली, कारण यांचे पाय आखूड. उंच कड ओलांडण्यापेक्षा बाहेरच उरकणं त्यांना सोपं जातं. काप मेणबत्तीवर धरून गुळगुळीत केला. आत कागद, त्यावर गवत, आणि तिच्याच शूने भिजलेला गोधडीचा एक तुकडा. तो तुकडा फार महत्त्वाचा. गिनीपिगचं अर्धं जग वासाचं. सगळं धुऊन लख्ख केलं की त्याला आपली जागा सापडत नाही. चिंगीला हा डबा चालेना. तिचा कोपरा समोरचा, म्हणून तिला वेगळा डबा. रागावून किंवा नाक घासून काहीही साधत नाही, नुसता प्राणी बिथरतो.

लेंड्यांवर उपाय निघाला तो त्यांच्या खाण्यातून. गिनीपिग दिवसभर गवत चघळतो, त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवतानेच झिजतात. शिवाय खाता खाताच तो लेंड्या टाकतो. म्हणून गवताची जाळी डब्याच्या बरोबर वर टांगली. दोघी डब्यात बसून तास तास खायच्या आणि बहुतेक लेंड्या तिथेच पडायच्या. उरलेल्या कोरड्या, बिनवासाच्या, सुपलीत सहज भरता यायच्या. आई त्या मिरचीच्या आणि अळवाच्या बुंध्याशी टाकायची. जिथून हा प्राणी आला त्या अँडीज पर्वतातले शेतकरीही याच खतावर पिकं घेतात.

कधी कधी बोंडू मान पोटाखाली घालून काहीतरी तोंडात घ्यायची आणि डोळे अर्धवट मिटून चावत राहायची. त्या मऊ लेंड्या. एकदा पचून निघालेलं अन्न पुन्हा खाऊन त्यातली जीवनसत्त्वं मिळवण्याची ही सोय आहे. पाहुण्यांना किळस यायची. मला मात्र ते पाहताना त्या एवढ्याशा देहातल्या व्यवस्थेचं नवल वाटायचं.

क जीवनसत्त्व मात्र गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही, आपल्यासारखंच. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिगना नुसतं धान्य खायला घातलं, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला, आणि त्या रोगाच्या अभ्यासाला वाट मिळाली. आमच्याकडे परसातला पेरू, कोथिंबीर आणि ढबू मिरची होती. फ्रीजचं दार वाजलं की पडवीतून "वीक, वीक" सुरू व्हायचं.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ओलं गवत दोन दिवसांत बुरसतं. म्हणून सड्यावरचं गवत दिवाळीनंतर कापून, खडखडीत वाळवून माळ्यावर भरायचं आणि पुढच्या पावसाळ्यात तेच पुरवायचं. मे महिन्यात दोघी दमट उकाड्याने लोळागोळा व्हायच्या. खिडकीला ओलं गोणपाट आणि बसायला मंगळुरी कौल, एवढ्यावर ते दिवस निघायचे.

डब्याच्या तळाला पांढरी पुटं चढायची. जास्तीचं कॅल्शियम हे प्राणी लघवीतून बाहेर टाकतात. सोलकढी केल्यावर उरलेल्या आमसुलांनी आजी तांब्याची भांडी घासायची, त्याच आमसुलांनी डबेही घासायला लागली. पुटं सुटायची.

पुढे या डब्यानेच आम्हाला बोंडूचं दुखणं सांगितलं. ती खात होती, उड्या मारत होती, पण एका सकाळी कागदावर गुलाबी डाग दिसला. गिनीपिग आजार लपवतो, भक्ष्य होणाऱ्या सगळ्या प्राण्यांसारखा. गोधडीवर तो डाग दिसलाच नसता. डॉक्टरांनी पोट चाचपून खडा असल्याचं सांगितलं. पालक बंद झाला, पाणी वाढवलं, औषध सुरू झालं. वय झालं होतं, शस्त्रक्रिया झेपण्यासारखी नव्हती. पाच-सात वर्षं हेच यांचं आयुष्य. तरी तो पावसाळा तिने काढला. शेवटी शेवटी डब्याची कड ओलांडताना तिचे पाय थरथरायचे, म्हणून कड पूर्ण कापून टाकली. तरीही ती त्याच कोपऱ्यात जायची. तिथवर पोचता येईना, त्या दिवशी मात्र मी डबाच तिच्याजवळ नेला.

नवरात्राच्या आधी ती गेली. चिंगी खाईना, म्हणून तिला सोबतीला एक लहान पिल्लू आणलं. वाटलं, ते बोंडूचा डबा घेईल. त्याने जिन्याखालचा तिसराच कोपरा धरला. आईने मुकाट्याने तेलाचा आणखी एक कॅन कापायला घेतला.