भरवणं थांबतं तेव्हा

"सिस्टर, चार दिवस झालं पोटात कण न्हाई. एक सलाईन तरी लावा." मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातल्या किती घरांत मी हे ऐकलं असेल त्याला गणती नाही. म्हणणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई, कधी सून. हातात वाटी असते. वाटीत नाचणीची आंबील नाहीतर मऊ भाताची पेज, वर तुपाचा थेंब. आणि जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी ती केली, ते माणूस खाटेवर तोंड फिरवून पडलेलं असतं.

मी परिचारिका आहे. कॅन्सर शेवटच्या टप्प्यावर गेलेल्या, दवाखान्यांनी घरी पाठवलेल्या माणसांच्या घरी जाणं हे माझं काम. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याला. आजार बरा होणार नाही हे ठरल्यावरही दुखणं, धाप, ओकारी, जखमा, भीती आणि घरच्यांची दमछाक उरतेच. त्या सगळ्याकडे बघायचं. मिरजेत नर्सिंग शिकले, मग बरीच वर्षं सर्जरी वॉर्डात काढली. तिथे मरण पडद्याआड व्हायचं. खाटेभोवती हिरवा पडदा ओढायचा, नातेवाइकांना बाहेर काढायचं, आत आमची धावपळ. बाहेर उभ्या असलेल्यांना आत काय चाललंय ते कळायचं नाही, आणि आतल्या माणसाला आपलं कोण बाहेर उभं आहे ते दिसायचं नाही. मला ते कधीच पटलं नाही.

पुढे केरळात काही आठवडे शिकायला गेले. कोझिकोडला सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी हे काम सुरू केलं होतं. तिथून ते गल्लीबोळात पसरलं. शिक्षक, कॉलेजची मुलं, दुकानदार, आठवड्यातले काही तास काढून शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जातात. सिसिली सॉन्डर्स हे नाव मी तिथेच नीट ऐकलं. ही इंग्लिश बाई आधी परिचारिका होती. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग ती समाजसेविका झाली आणि नंतर पुन्हा शिकून डॉक्टर झाली. १९६७ मध्ये तिने लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ चं. दुखणं अंगाचं असतं तसंच मनाचं, नात्यांचं, पैशाचं आणि देवाधर्माचंही असतं, असं सॉन्डर्सबाई सांगत. आमच्या भागातल्या कुठल्याही घराचा उंबरा ओलांडला की ते खरं असल्याचं दिसतं.

असंच एक घर तात्यांचं, द्राक्षबागेतलं. त्यांना जठराचा कॅन्सर झाला होता आणि तो यकृतापर्यंत गेला होता. मुंबईच्या खेपा करून, केमोचे डोस घेऊन दमल्यावर त्यांनीच "आता बास" म्हटलं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडले होते. कपाळावर घाम. आधी पोटदुखीचं बघणं भाग होतं, कारण दुखत असलेल्या माणसाशी दुसरं काहीच बोलता येत नाही.

मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखायला लागल्यावर द्यायची, असं करून चालत नाही. पुण्याहून आलेला मुलगा गोळीचं नाव वाचून चपापला. "सिस्टर, याचं व्यसन लागतं ना?" दुखण्यासाठी, योग्य मापात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने अशा रुग्णांना व्यसन लागणं फार दुर्मीळ आहे. सुरुवातीचे काही दिवस झोप येते, मळमळतं, मग ते सरतं. शौच मात्र हमखास अडतं आणि ते आपोआप सुटत नाही, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू करायचं. हे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून देते. मॉर्फिनविषयी बोलताना माझा आवाज अजूनही चढतो. कायदेशीर अफूची शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेशात आणि राजस्थानात होते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ एवढं वाढलं की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून परवाना सोपा केला, तरी मधल्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या मनातली धास्ती गेलेली नाही. त्या वर्षांत कितीतरी माणसं कण्हत गेली, आणि औषध तर होतं.

तिसऱ्या दिवशी तात्या पाय पसरून झोपले होते. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला चुलीपाशी नेऊन हळूच विचारलं, "आता खातील न्हवं?"

हा प्रश्न आला की मी आधी तपासते. तोंडात पांढरी बुरशी आली आहे का? ती असेल तर घास बोचतो, आणि ती औषधाने जाते. शौच तुंबलंय का? मळमळ आहे का? तात्यांच्या तोंडात बुरशी होती, ती आम्ही घालवली. ओकारीवर गोळी सुरू केली. दोन आठवडे त्यांनी थोडं थोडं खाल्लं, एकदा हट्टाने पिठलंभाकरीचा घासही घेतला. मग भूक पुन्हा गेली, आणि या वेळी ती परत येण्यासाठी गेली नव्हती.

मरणाच्या जवळ आलेलं शरीर अन्न वापरू शकत नाही. त्याला भूकच लागत नाही. तहान म्हणून जे जाणवतं तो बहुतेक वेळा तोंडाचा कोरडेपणा असतो. अशा वेळी जबरदस्तीने भरवलेला घास गालात राहतो, नाहीतर श्वासनलिकेत जातो. जुलाबाने किंवा ओकाऱ्यांनी कोणी सुकलं तर आम्हीही सलाईन लावतो. पण अगदी शेवटच्या दिवसांत बाटलीमागे बाटली चढवली तर ते पाणी पायांवर, पोटात, छातीत साचतं आणि घुरघुर वाढते. माणूस जेवण थांबल्यामुळे जात नसतो. तो जायला निघालेला असतो म्हणून त्याचं जेवण थांबतं.

मला हे ठाऊक आहे. पण ज्या बाईने चाळीस वर्षं त्याच्या ताटात वाढलं, जिने त्याच्याशी भांडतानाही भाकरी थापायची थांबवली नाही, तिला "आता भरवू नका" हे चार शब्दांत सांगायचं कसं? तिला ते असं ऐकू येतं की आता तुझं इथे काही काम उरलं नाही.

त्यात तात्यांची थोरली बहीण येऊन राहिली होती. सगळे तिला आत्या म्हणायचे. तिने ओसरीवर सगळ्यांसमोर मला सुनावलं, "माझ्या भावाला उपाशी मारताय तुम्ही." मी उत्तर दिलं नाही. अशा वेळी बाजू मांडायला लागलं की समोरची माया आणखी कडवट होते. मी आत जाऊन तात्यांजवळ बसले आणि त्यांनाच विचारलं, "पेज नको वाटते का?"

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जात न्हाई हो. पण हिचं मन मोडवत न्हाई, म्हणून गिळतो. नंतर ओकतो, ती न्हाणीत गेली की."

एकमेकांसाठी दोघंही हाल सोसत होती. मी विचारलं, "हे काकूंना तुम्ही सांगाल, की मी सांगू?" तात्या म्हणाले, "तिला बोलवा." तो संवाद मी इथे लिहिणार नाही. तो त्या दोघांचा आहे. मी खिडकीपाशी उभी राहून बाहेरच्या वेलींकडे बघत होते. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली आणि मला विचारलं, "मग मी काय करू?"

या प्रश्नाची मी वाटच बघत असते, कारण करण्यासारखं खूप असतं. ग्लासभर कोमट पाण्यात खायचा सोडा विरघळवून, बोटाला मऊ सुती फडकं गुंडाळून, हिरड्या, जीभ, गालांच्या आतल्या बाजू हलक्या हाताने पुसायच्या. दिवसातून अनेकदा. ओठांना तूप. जे आवडतं त्याचा नुसता स्वाद द्यायचा. तात्यांना चहा हवा होता. काकूंनी त्यांच्या पद्धतीचा, दुप्पट साखरेचा चहा केला आणि फडक्याचं टोक बुडवून दोन थेंब जिभेवर ठेवले. ते चघळल्यासारखे ओठ हलवत राहिले. दर दोन तासांनी कूस बदलायची, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, टाचा अधांतरी राहतील अशी घडी पोटऱ्यांखाली सारायची, म्हणजे चामडी फुटत नाही. धाप लागली तर चेहऱ्यावर पंख्याचा वारा. पायांना खोबरेल तेल. संध्याकाळपर्यंत काकूंना उसंत नव्हती, आणि पेजेचा विषय कोणी काढला नाही.

मुलाचं म्हणणं वेगळंच होतं. "त्यांना आजाराबद्दल काही सांगू नका, खचतील." हेही मी घराघरांत ऐकते. माझी पद्धत अशी की मी आपणहून काही बोलत नाही, पण रुग्णाने विचारलं तर खोटं बोलत नाही, आणि हे घरच्यांना आधीच सांगून ठेवते. तात्यांनी एका सकाळी विचारलं, "ऑक्टोबरच्या छाटणीला मी असेन का?" मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "न्हाई वाटत." मी त्यांचा हात धरून म्हणाले, "मलाही नाही वाटत, तात्या." ते खचले नाहीत. त्यांनी मुलाला बोलावलं. विकास सोसायटीचं कर्ज किती राहिलंय, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव तसंच ठेवायचं, कुठल्या व्यापाऱ्याला माल घालायचा नाही, हे सगळं तासाभरात सांगून टाकलं. मुलगा लिहून घेत होता. डोळे पुसायलाही त्याला सवड मिळाली नाही.

त्याच दिवसांत मी आणखी एका घरी जात होते. तिथल्या बाईंना स्तनाचा कॅन्सर, जखम उघडी पडलेली. वास एवढा की त्यांची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत हलवली होती. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची वस्त्रगाळ पूड रोज जखमेवर टाकली की वास काही दिवसांत आटोक्यात येतो. औषध स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, आणि तरीही या बाई कित्येक आठवडे एकट्या पडून होत्या. त्यांचा नातू पुन्हा खाटेवर येऊन अभ्यासाला बसू लागला, त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं वॉर्डातल्या कुठल्या मोठ्या ऑपरेशननंतरही वाटलं नव्हतं.

शेवटच्या दिवसांची लक्षणं मी घरच्यांना आधीच सांगून ठेवते. पाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसेल, लघवी कमी होईल. श्वास थांबल्यासारखा होईल आणि पुन्हा सुरू होईल. घशात घुरघुर होईल. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण तोवर रुग्ण बहुधा गुंगीत असतो. कुशीवर वळवायचं, गरज पडली तर इंजेक्शन आहे. घशात नळी घालून ओढाओढ करायची नाही. आणि ऐकू येत असावं असं धरूनच त्याच्याशी बोलत राहायचं.

आत्यांना त्यांच्या भावाला खाली घ्यायचं होतं. खाटेवर जीव जाऊ द्यायचा नाही, जमिनीवर घ्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पण ऐन वेळी चार जणांनी घाईघाईत उचललं तर दुखावतं. मी म्हटलं, आजच घेऊ. दुपारचं मॉर्फिन दिल्यावर अर्धा तास थांबलो, मग चादरीसकट, अंग न पिळता, त्यांना जमिनीवरच्या गादीवर घेतलं. गंगाजल चमच्याने ओतलं असतं तर ठसका लागला असता, म्हणून आत्यांच्या बोटाला फडकं गुंडाळून एक थेंब गालाच्या आत लावायला दिला. तुळशीचं पान ओठांवर ठेवलं. आत्या त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याजवळ बसल्या.

तात्या पहाटे गेले. मी पोचले तेव्हा काकूंनी त्यांचे डोळे मिटवले होते. मी लघवीची नळी काढली, हनुवटीला पट्टी बांधली. अंघोळ काकूंनी आणि मुलाने घातली. त्यांना जेवढा वेळ हवा होता तेवढा घेऊ दिला, तिरडीची घाई करणाऱ्यांना ओसरीवर थांबवलं. घरी मरण आलं की लोक कागदांना घाबरतात. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला लागतो आणि ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते. डॉक्टरांना आजाराची कल्पना आधीपासून होती म्हणून दाखला सकाळीच मिळाला. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मी मोजून, वहीत लिहून परत घेतल्या.

तेराव्यानंतर आम्ही पुन्हा जातो. या भेटीला औषधाची पेटी न्यायची नसते. काकू बऱ्या होत्या, झोप लागत नव्हती, पण बागेत जायला लागल्या होत्या. आत्या अजून तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "मला अजून वाटतंय सिस्टर, एक सलाईन लावायला पाहिजे होतं."

काकू म्हणाल्या, "वन्सं, जात न्हाई म्हणून त्यांनीच सांगितलं हुतं मला."

"तुला सांगितलं," आत्या म्हणाल्या. "मला कुठं सांगितलं?"

बाहेर गाडीवाला दादा हॉर्न वाजवत होता, पुढे कवठेमहांकाळला जायचं होतं. मी त्याला थांबायला सांगितलं आणि आत्यांना पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. तात्या त्या दिवशी काय म्हणाले, किती खाल्लं, पिठलं कधी मागितलं, पेज का नको झाली. त्या मधे मधे अडवून विचारत होत्या, आणि जे मला ठाऊक नव्हतं ते काकू सांगत होत्या.